वाडीपुरती गाडी

बाबांची गाडी माझ्या जन्माच्या आधीपासून आमच्या वाडीत आहे. आहे म्हणजे होती. बोलताना अजून माझ्या तोंडून 'आहे' असंच येतं.

किहीमला समुद्राच्या अंगाला मुंबईच्या एका वयस्क गृहस्थांचा बंगला होता. त्यांच्या दम्याला बाबांचं औषध लागू पडलं आणि दोघांचं येणंजाणं सुरू झालं. पुढे ते मुलाकडे परदेशी कायमचे राहायला निघाले. बंगला विकला आणि गाडीची चावी बाबांच्या हातावर ठेवली. गाडी विलायती, दोनच माणसं बसतील अशी, बुटकी, गर्द हिरव्या रंगाची. पुढे लांबलचक नाक, वर कापडी टप. अशा गाड्या शर्यतीच्या हौशीसाठी बनवलेल्या असतात. आमच्या अलिबागच्या रस्त्यांवर तेव्हा बैलगाड्या चालायच्या, आणि बैलगाडीचं चाक तिच्या दारापेक्षा उंच दिसायचं, असं आई सांगते.

बाबा तेव्हा नुकते डॉक्टर झाले होते. बाजारात छोटा दवाखाना, आणि दुपारनंतर थळ, किहीम, आत डोंगराच्या पायथ्याची गावं अशा व्हिजिटा. इतर डॉक्टर स्कूटरवरून जायचे, बाबा ह्या गाडीतून. सुरुवातीला लोक हसले असतील. पण शेजारच्या सीटवरून अडलेल्या बाळंतिणी, विंचू चावलेली पोरं, झाडावरून पडलेला एक नारळ उतरवणारा असं काय काय इस्पितळात पोहोचल्यावर ती 'डॉक्टरांची गाडी' झाली. थळच्या कोळीवाड्यातल्या एका म्हातारीनं तर छातीत कळ येत असताना बाबांना वरचा टप काढायला लावला. जायचंच असेल तर आभाळ बघत जाते, म्हणाली. ती पुढे खूप वर्षं जगली आणि दर दिवाळीला सुके बोंबील घेऊन यायची.

त्या सीटवर मला फारसं बसायला मिळालं नाही. बाबा सकाळी जायचे, रात्री यायचे. आले की थकलेले असायचे. माझ्याशी ते प्रेमानं वागत, पण आमच्यात बोलणं असं नव्हतंच. मी शाळेतलं काही सांगायला गेले की ते ऐकत, मान हलवत, आणि मध्येच डोळे मिटत. पुढे मी वीज विषय घेऊन इंजिनियर झाले, पुण्याला नोकरीला लागले, तेव्हाही फोनवर आई बोलायची. बाबा मागून विचारत, "बरी आहे ना?" आई सांगायची, "बरी आहे." संपलं.

आई शाळेत गणित शिकवायची. ती घरी आली की तिचे कान गाडीकडे लागलेले असत. गाडीचा आवाज मोठा, खर्जातला होता. मुख्य रस्त्यावरून आमच्या वाडीकडे वळली की घरात ऐकू यायचा. आई चहाचं आधण ठेवायची आणि बाबा पायरीवर चप्पल काढेपर्यंत कप तयार असायचा.

निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी आईच्या डोळ्यांचं लक्षात आलं. काचबिंदू. खूप आधीपासून हळूहळू वाढत होता. बाजूचं दिसेनासं झालं आणि समोरचं तेवढं नळीतून बघावं तसं दिसत राहिलं. घरात डॉक्टर असून उशिरा कळलं, हे बाबांना फार लागलं. ते तसं म्हणाले नाहीत, पण थेंब घालायच्या वेळा ते कधी चुकले नाहीत.

आमची वाडी अरुंद आणि लांबट आहे. रस्त्याकडच्या फाटकापासून घरापर्यंत, आणि घरामागून विहिरीला वळसा घालून समुद्राकडच्या कुंपणापर्यंत एकच मातीची वाट जाते. दोन्ही बाजूंना नारळ आणि पोफळी, विहिरीपाशी जास्वंदीची दाट झुडपं. नजर कमी झाल्यावर बाजारात, देवळात, लग्नाकार्यात आई कुणाचा तरी हात धरूनच जायची. ह्या वाटेवर मात्र ती एकटी चालायची. सकाळी एकदा आणि उन्हं उतरल्यावर एकदा. काठी नाही, कुणी सोबत नाही. कुठे मूळ वर आलंय, कुठे पाण्याचा पाट आडवा जातो, हे तिच्या पायांना पाठ होतं. चालताना ती हळू आवाजात पाढे म्हणायची. पावकी, निमकी, दिडकी. मी सोबत येऊ का विचारलं तर सरळ नाही म्हणायची.

चक्रीवादळ आलं तेव्हा वाडीतली निम्मी झाडं पडली. त्यातला एक माड गाडीच्या शेडवर आडवा झाला. छपराचे पत्रे बॉनेटवर कोसळले, बॉनेट वाकून उघडं राहिलं आणि पाऊस थेट इंजिनात गेला. रस्ते बंद, वीज नाही, फोन नाही. आधी घराचं छप्पर, मग विहीर, मग झाडं तोडून बाजूला करणं, असं करत शेडकडे लक्ष जाईपर्यंत बराच काळ गेला होता. बाबांनी चावी फिरवली तेव्हा इंजिन जागचं हललं नाही.

गाडीची देखभाल वर्षानुवर्षं करणारा चोंढीचा गॅरेजवाला येऊन गेला. त्यानं इंजिन उघडलं. आत गंज चढला होता आणि इंजिनाच्या मुख्य ठोकळ्याला चीर गेली होती. त्यानं मुंबईला, पुण्याला ओळखीच्यांकडे विचारलं. ह्या गाडीचे सुटे भाग आता कुणी बनवत नव्हतं.

"साहेब, बाकीची गाडी मी तुमाला नवी करून देतो," तो म्हणाला. "पण इंजिन न्हाय व्हायचं."

दवाखाना त्याआधीच बंद झाला होता. बाबा रोज सकाळी शेडमध्ये जाऊन गाडी पुसायचे. आई मला फोनवर सांगायची, हे तिथे तासन्‌तास बसतात गं, करत काही नाहीत.

मी पुण्यात ज्या ठिकाणी काम करते तिथे विजेवर चालणाऱ्या मालवाहू टेम्पोंसाठी लागणारे कंट्रोलर बनतात. बॅटरीतून मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारं हे यंत्र. त्यामुळे ती कल्पना माझ्या डोक्यात येणं साहजिक होतं. एका सुट्टीत मी बाबांना म्हटलं, "हिला विजेवर चालवू या. इंजिन काढून मोटर बसवू."

ते म्हणाले, "मग ती ही गाडी राहील का?" आणि विषय मिटला. पुढे काही महिने कुणी त्याचं नाव काढलं नाही. मग एका संध्याकाळी माझा फोन वाजला. बाबांनी स्वतःहून मला फोन केल्याचं मला आठवत नव्हतं, म्हणून मी आधी 'आई बरी आहे ना?' असंच विचारलं.

"बॅटऱ्या कुठे बसतील?" त्यांनी विचारलं.

तिथून सुरुवात झाली. पुढचे दोन पावसाळे आणि मधले सगळे महिने मी जमेल त्या शनिवारी पुण्याहून वाडीवर जायचे आणि रविवारी रात्री परत फिरायचे. शेड नव्यानं बांधली. बाबांनी जुना डॉक्टरी कोट अंगात चढवला आणि एकेक नट, एकेक बोल्ट काढून रॉकेलात धुवायला घेतला. काढलेली प्रत्येक वस्तू ते औषधाच्या कागदी पुडीत बांधायचे आणि वर तिचं नाव लिहायचे. ते अक्षर मला वाचता यायचं नाही, आणि महिन्याभरानं त्यांनाही यायचं नाही. मग आम्ही दोघं एका पुडीवर डोकी घालून बसायचो. हा दरवाज्याचा की ब्रेकचा, ह्यावर आमचं जे भांडण व्हायचं ते ऐकून आई घरातून हसायची.

इंजिन बाहेर काढायच्या दिवशी गॅरेजवाला साखळीचा कप्पी-ब्लॉक घेऊन आला. शेडलगतच्या फणसाच्या जाड फांदीला तो अडकवला आणि गाडी ढकलत खाली आणली. साखळी ओढायचं काम बाबांनी कुणाला करू दिलं नाही. इंजिन हळूहळू वर आलं, काळं, तेलकट, हवेत थोडं फिरलं. आई खुर्ची टाकून जवळच बसली होती. तिला ते नीट दिसत नव्हतं, पण साखळीचा आवाज ती ऐकत होती.

"आता हिचा आवाज कसा असेल?" तिनं विचारलं.

"आवाज नसणारच," बाबा म्हणाले. "तीच तर गंमत आहे."

आई रिकाम्या बॉनेटच्या दिशेनं कान लावून बसली. मी तेव्हा मोटरच्या मापात गुंतले होते.

गिअरबॉक्स आम्ही ठेवला. मोटर आणि गिअरबॉक्स एकमेकांना जोडणारी जाड तबकडी पेणच्या एका लेथवाल्याकडून कातून घेतली. पहिली चुकली, दुसरी बसली. मोटर आमच्या कामाच्या ठिकाणी चाचणीसाठी वापरून बाजूला ठेवलेली होती, ती मी परवानगी काढून आणली. बॅटऱ्यांचे सेल निम्मे पुढे इंजिनाच्या जागी आणि निम्मे मागे डिकीत, म्हणजे गाडीचा तोल राहील. खाऱ्या हवेनं तांब्याच्या जोडांवर आठवड्यात हिरवा थर चढायचा. बाबा कापसाच्या बोळ्यानं तो पुसून वर व्हॅसलीन लावायचे, अगदी जखमेला मलम लावावं तसे.

काम करता करता ते बोलायला लागले. समोर माणूस बसला की त्यांना बोलणं सुचत नसे, पण हातात पाना असला आणि नजर बोल्टवर असली की सुचायचं. त्यांनी मला दवाखान्यातले पहिले दिवस सांगितले. त्यांच्या हातून न वाचलेलं एक मूल सांगितलं. माझं लग्न मोडलं तेव्हा त्यांना काय वाटलं होतं तेही सांगितलं. ते कळायला मला इतकी वर्षं आणि एक मोडकं इंजिन लागलं. मीही बोलले. चाळिशी उलटल्यावर मला वडील मिळाले असं त्या दिवसांत वाटायचं.

मध्येच एक अडचण आली. मी परिवहन कार्यालयात चौकशी केली तेव्हा कळलं की घरी अशी बदललेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही. मान्यता मिळालेला संच, तोही मान्यता मिळालेल्या माणसानं बसवलेला लागतो. आमच्या गाडीच्या मापाचा तसा संच कुणी बनवत नव्हतं आणि बनवणारही नव्हतं. हे मी आधी नीट बघायला हवं होतं खरं, पण काम तोवर अर्ध्यावर आलं होतं. बाबांना सांगायला मला जड गेलं. रेवदंड्याच्या रस्त्यावरून टप उघडून जायचं, असं ते सारखं म्हणत असत.

ते थोडा वेळ हात पुसत राहिले. मग म्हणाले, "वाडीत चालवीन. आपली वाट काय कमी आहे का?"

मला इतकं हायसं वाटलं की मी लगेच हो म्हटलं. ती वाट आईची होती, हे आमच्या दोघांच्याही मनात आलं नाही.

गाडी पहिल्यांदा चालली तो दिवस मला स्वच्छ आठवतो. बाबांनी केस विंचरले होते. आईला त्यांनी हात धरून शेजारच्या सीटवर बसवलं. त्यांनी पाय दाबला आणि गाडी निघाली. खालच्या वाळलेल्या झावळ्या तेवढ्या मोडताना ऐकू आल्या. फाटकापर्यंत जाऊन ते परत आले, मग समुद्राकडच्या कुंपणापर्यंत गेले, मग पुन्हा फाटकापर्यंत. मी पायरीवर बसून रडत होते आणि हसत होते.

आई उतरल्यावर म्हणाली, "शिडाच्या होडीत बसल्यासारखं वाटतं."

आमच्याकडच्या टेम्पोंना आम्ही एक छोटा भोंगा बसवतो. हळू चालताना तो गुणगुणल्यासारखा आवाज करतो, म्हणजे रस्त्यावरच्या माणसांना गाडी येतेय हे कळतं. तसा ह्या गाडीला लावायचा का, असं मी बाबांना विचारलं होतं. ते म्हणाले, वाडीत कुणाला ऐकवायचाय, नारळांना? ही शांतता त्यांना फार आवडली होती. जन्मभर त्या इंजिनाच्या आवाजात गेलो, आता गाडी चालवताना पक्षी ऐकू येतात, असं ते ज्याला त्याला सांगत. मीही आग्रह केला नाही.

त्यानंतरचे काही महिने घरात फार सुखाचे गेले. संध्याकाळी बाबा समुद्राकडच्या टोकाला जायचे, गाडीतच बसून थोडा वेळ लाटांकडे बघायचे आणि परत यायचे. शेजारपाजारच्या घरांत उतरलेले पाहुणे गाडी बघायला येत, त्यांनाही ते चक्कर मारून आणत. आईच्या चालण्याच्या वेळेची अडचण होऊ नये म्हणून निघताना ते मोठ्यानं हाक द्यायचे, "निघतोय गं." आई वाटेवर असली तर बाजूला थांबायची. हे चांगलं जमून गेलं होतं. निदान तसं दिसत होतं. नंतर मला कळलं की त्या दिवसांत आईनं चालताना पाढे म्हणणं सोडून दिलं होतं. गाडीची चाहूल लागते का हे ऐकायला कान मोकळे हवे होते.

तो रविवार होता. मी शेडमध्ये चार्जरची वायर बदलत होते. बाबा आधीच टोकाला गेले होते, त्यामुळे आईला वाटलं ते बराच वेळ तिथे बसतील. ती चालायला निघाली, विहिरीपर्यंतच जाऊन मागे फिरायचं ठरवून. त्याच वेळी विहिरीवरचा पंप लावलेला होता, झाडांना पाणी चाललं होतं. बाबा त्या दिवशी लवकर वळले. परत येताना त्यांनी नेहमीप्रमाणे हाक दिली, पण पंपाच्या आवाजात ती आईपर्यंत गेली नाही. विहिरीपाशी जास्वंदीच्या आडून वाट वळते. बाबा माणूस चालेल तितक्याच वेगात होते. त्यांना आई दिसली तेव्हा ती अगदी पुढ्यात, त्यांच्याकडे पाठ करून होती. त्यांनी ब्रेक दाबला, चाक वळवलं. गाडीचं नाक चुकलं पण आरसा तिच्या कोपराला लागला आणि ती पाटात पडली.

मला ह्यातलं काहीच ऐकू आलं नाही. मला ऐकू आली ती बाबांची हाक. "अगं, इकडे ये."

मी पळत गेले तेव्हा बाबा पाण्यात गुडघे टेकून बसले होते. आईचं मनगट विचित्र वाकलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती सारखं एकच विचारत होती, "काय होतं ते? काय लागलं मला?" आपण कशानं पडलो हेच तिला कळलं नव्हतं.

"मी होतो," बाबा म्हणाले. "माझी गाडी होती."

त्यांनी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर तिचा हात ठेवून पंचानं नीट बांधला. मग आम्ही रिक्षावाल्याला फोन केला आणि तिघंही फाटकाजवळ वाट बघत बसलो. अलिबागच्या इस्पितळापर्यंत एवढ्या लोकांना नेलेली ती गाडी पूर्ण चार्ज होऊन मागे उभी होती आणि तिला फाटकाबाहेर काढता येत नव्हतं. त्या दहा-पंधरा मिनिटांत बाबांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

हाड मोडलं होतं. प्लास्टर घातलं, ठरलेल्या मुदतीत निघालं, हात बराही झाला. आईनं कुणाला दोष दिला नाही. भेटायला येणाऱ्यांना ती सांगायची, पाटात पाय घसरला. बाबांना मात्र ते खोटं सहन व्हायचं नाही. ते प्रत्येकाला पुन्हा खरं काय ते सांगायचे, आणि पाहुणे चहा अर्धवट ठेवून उठायचे.

प्लास्टर निघाल्यावर आई चालायला जाईल असं आम्ही धरून चाललो होतो. ती गेली नाही. आज ऊन आहे, उद्या जाईन, असं करत राहिली. मग एका सकाळी मी तिला मागच्या दारात उभी असलेली पाहिली. चप्पल घातलेली, पदर खोचलेला. एक पाय खाली टाकून ती थांबली, मान वळवून ऐकत राहिली, आणि परत आत आली. गाडी तेव्हा शेडमध्ये होती आणि बाबा झोपले होते. हे तिला ठाऊक होतं.

मी पुढच्या खेपेला टेम्पोचा भोंगा आणला आणि गाडीला बसवला. मला वाटलं, आता तिला लांबूनच कळेल, तिचा धीर परत येईल. बाबांनी गाडीत बसावं म्हणून मी फार मिनतवारी केली, तेव्हा कुठे ते बसले. गाडी गुणगुणत पुढे आली. आई ओट्यावर उभी होती. तो आवाज ऐकला आणि तिनं खांब घट्ट धरला.

"बंद कर गं ते," ती म्हणाली. "नको."

बाबा उतरले. चावी त्यांनी माझ्याकडे दिली आणि त्यानंतर ते त्या गाडीत कधी बसले नाहीत.

काही दिवसांनी आम्ही दोघं अलिबागला रिक्षानं जात होतो. बाबा बाहेर बघत होते. एकाएकी ते म्हणाले, "आपण दोघं शेडमध्ये काम करत होतो ना, तेव्हा मी इतका सुखात होतो की मला दुसरं काही दिसलंच नाही. तिला बाजूचं दिसत नाही म्हणतो आपण." मला त्यांचा हात धरावासा वाटला, पण आमच्यात तशी सवय नव्हती.

गाडी विकायचं त्यांनीच ठरवलं. जुन्या गाड्यांचे शौकीन विचारायला आले, पण मूळचं इंजिन नाही म्हटल्यावर परत गेले. ते इंजिन आम्ही केव्हाच भंगारात दिलं होतं. शेवटी दिवेआगरला घरगुती निवास चालवणाऱ्या एकानं ती घेतली. त्याला चालवायची नव्हती. सुपारीच्या बागेत, पाहुण्यांनी फोटो काढावेत म्हणून उभी करायची होती. बॅटऱ्या नकोत, वजन कशाला, म्हणाला. म्हणून मी त्या काढून घेतल्या. ज्या जोडांना बाबांनी व्हॅसलीन लावलं होतं ते सोडवायला बराच वेळ लागला. इतके चांगले बसले होते.

टेम्पो आला त्या दिवशी गॅरेजवाला मदतीला आला होता. फळ्या लावून गाडी वर चढवली, दोऱ्यांनी बांधली. मी वर कापड टाकायला गेले, तर बाबा म्हणाले राहू दे, काय पाऊस येतोय? टेम्पो फाटकातून बाहेर पडला आणि रस्त्याला लागला. एवढ्या वर्षांनी ती गाडी पुन्हा त्या रस्त्यावरून चालली होती, दुसऱ्याच्या पाठीवर. आई आत भाजी निवडत होती. टेम्पो गेला का, असं तिनं विचारलं. गेला म्हटल्यावर तिनं हातातली पालेभाजी बाजूला ठेवली आणि नुसतीच बसून राहिली.

गाडी गेली, आता वाट मोकळी झाली, असं मी मनाशी म्हणत होते. आई चालायला लागलीही. पण एकटी नाही. बाबा तिच्यासोबत जातात, दोन्ही वेळेला, तिचा दंड धरून. विहिरीच्या वळणावर ती अजून थांबते आणि मागे वळून बघते, जिथे तिला धड काही दिसत नाही. बाबा सांगतात, कुणी नाही गं. मग ती पुढे पाय टाकते. कुणाचा आधार न घेता चालायची ती एकच जागा तिला उरली होती, ती गेली. मनगट जुळलं तसं हे जुळायचं नाही हे आम्हा तिघांना कळलंय.

मी एकदा धीर करून तिला विचारलं, "तुला आमचा राग येतो का?"

तिनं बरं झालेलं मनगट दुसऱ्या हातानं चोळलं. मग म्हणाली, "राग नाही. वाईट वाटतं. तुम्ही दोघं त्या शेडमध्ये बोलत बसायचात, ते मी इथून ऐकायचे. मला किती बरं वाटायचं. त्यात मला माझं काही मध्ये आणायचं नव्हतं."

म्हणजे तिला भीती आधीपासून वाटत होती. पहिल्या दिवसापासून, कदाचित.

बॅटऱ्या मी घराच्या विजेला जोडून दिल्या आहेत. आमच्याकडे वारा सुटला की वीज जाते, पण आता पंखे आणि दिवे चालू राहतात. मी अजूनही महिन्यातून एकदा वाडीवर जाते. शेडमध्ये नारळाचे ढीग आहेत. करण्यासारखं काम नसतं. सकाळी बाबा आणि मी ओट्यावर बसतो, पेपरची पानं वाटून घेतो आणि वाचतो. मी काहीतरी काढते, पुण्याचं, कामावरचं. ते मान हलवतात. त्यांच्या हातात पाना नसतो आणि माझ्याही नसतो. थोड्या वेळानं आई आतून विचारते, "आहात ना दोघं?"

"आहोत," बाबा सांगतात, आणि पान उलटतात.